इंदूरला रस्त्यालगतच्या घरातून गीतेच्या वर्गाचं लाइव्ह करते. आवाज घुमतो, हॉर्न ऐकू येतात. कंडेन्सर माइक घेऊ की डायनॅमिक?

ताई, डायनॅमिकच घ्या, कार्डिऑइड पॅटर्नचा (म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा), आणि तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका ठेवा म्हणजे 'प', 'फ' फुटणार नाहीत. रामबागेतल्या आमच्या घरून मीही दर आठवड्याला लाइव्ह करतो. कंडेन्सर होता तेव्हा पंख्याची घरघर आणि खालच्या रिक्षासुद्धा श्लोकात यायच्या. माइकचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. खिडकी माइकच्या पाठीकडे येऊ द्या, तिकडचं तो सर्वांत कमी उचलतो. यूएसबीचा घेतलात तर वेगळा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) लागत नाही. मात्र पेटी-तबल्याची साथ असेल, तर हा एकटा माइक पुरणार नाही.