'अँटिसिपेट'ची 'अपेक्षा' कुठून आली?

पेटंटच्या निकालातल्या 'द अर्लिअर डिव्हाइस अँटिसिपेट्स द क्लेम' या वाक्याचं मराठी 'आधीच्या उपकरणाने दाव्याची अपेक्षा केली होती' असं चालेल का, हा प्रश्न. नाही चालणार. उपकरण कसली अपेक्षा करणार! लॅटिन मुळात 'आधीच घेणे' असा अर्थ आहे आणि कायद्याने तोच धरून ठेवलाय: दाव्यात (म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या कलमात) जे जे मागितलं, ते सगळं आधीच्या एकाच ठिकाणी सापडतं. 'पूर्वानुमान'ही बाद, कारण कुणाच्या मनात काय होतं याला इथे किंमत नाही.

'पूर्वप्रकाशन' बरं वाटतं, पण तोकडं पडतं. इंग्लंडमधला ऐंशीच्या दशकातला 'विंडसर्फिंग इंटरनॅशनल विरुद्ध टाबूर मरीन' हा खटला घ्या. 1968चं शीड लावलेल्या फळीचं पेटंट. डोलकाठी सगळीकडे वळणाऱ्या सांध्यावर, शिडाच्या दोन्ही अंगांना कमानदार दांडे. प्रतिवादींनी पुढे आणली 1958मधली घरगुती फळी, बारा वर्षांच्या पीटर चिल्व्हर्सने हेलिंग बेटाजवळ चारचौघांदेखत चालवलेली. त्याने छापलं काहीच नव्हतं. शिवाय त्याचे दांडे सरळ होते. पण शिडात वारा भरला की ते वाकून त्यांची कमान होई, म्हणून दाव्यातला तोही भाग जुळला. पेटंट गेलं.

त्याच खटल्यात अशाच फळीवरचा न्यूमन डार्बीचा 1965चा छापील लेखही होता. त्यातलं शीड पतंगाच्या आकाराचं, म्हणजे एक भाग जुळत नाही. तिथे अँटिसिपेशन नाही. जाणकाराला पुढची पायरी सहज सुचली असती, हा 'स्वयंस्पष्टते'चा (इंग्रजीत 'ऑब्व्हिअसनेस') वेगळा आक्षेप लागला. (त्याला 'उघड' म्हणणं टाळावं, चिल्व्हर्सचा वापरही उघडच होता, आणि मग घोळ होतो.)

मला 'पूर्वप्रकटन' पटतं: छापणं आणि लोकांसमोर वापरणं, दोन्ही त्यात मावतात. क्रियापदासाठी मात्र ओढाताण नको. 'दाव्यातली रचना आधीच्या उपकरणात आलेलीच आहे' असं सरळ लिहावं. शंका आली तर वकिलांची जुनी कसोटी लावा: तीच वस्तू पेटंटनंतर केली असती तर उल्लंघन ठरलं असतं का? ठरलं असतं, तर आधीची असल्यास ते पूर्वप्रकटन.

जाता जाता, 'प्रायर आर्ट'चं 'पूर्वकला' करू नका. तिथे आर्ट म्हणजे त्या क्षेत्रातली विद्या. 'पूर्वज्ञात तंत्र' पुरे.