करी कपचा इतिहास काय? नावाचा आपल्या 'करी'शी काही संबंध आहे का?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बीच्या करी कपचा इतिहास काय, नावात जी करी आहे ती खायची का, आणि या स्पर्धेला 'त्यांची रणजी' म्हणतात ते बरोबर आहे का.

करीचं आधी उरकतो. संबंध नाही. सर डोनाल्ड करी हे स्कॉटिश गृहस्थ, इंग्लंड ते केपटाऊन जहाजं चालवणाऱ्या कासल लाइनचे मालक. आडनावच करी. मी 2009 साली कंपनीच्या कामासाठी प्रिटोरियात होतो, तेव्हा ऑफिसात 'करी कप फायनल' असा फलक बघून मलाही आधी वाटलं होतं की जेवणाचाच काही कार्यक्रम असेल. डबा न आणता गेलो असतो.

तर 1891. ब्रिटिश बेटांचा एक रग्बी संघ पहिल्यांदाच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाला, बिल मॅक्लॅगन कप्तान. गेले ते करींच्याच 'डनॉटर कासल' बोटीने. खर्चाला आधार सेसिल रोड्सचा, म्हणजे केप वसाहतीचा त्या वेळचा पंतप्रधान आणि किंबर्लीच्या हिऱ्यांचा धनी. करींनी खेळाडूंच्या हाती एक सोनेरी चषक दिला आणि सांगितलं की तुमच्याशी जो स्थानिक संघ सगळ्यांत चांगला खेळेल त्याला हा द्या. पाहुण्यांनी झाडून सगळे सामने जिंकले. अख्ख्या दौऱ्यात त्यांच्यावर गुण चढला एकच. पहिल्याच सामन्यात केपटाऊनच्या हासी व्हर्सफेल्डने एक ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला, आणि तेव्हा ट्रायला एकच गुण असे. या हासीचा भाऊ लॉफ्टस. प्रिटोरियाचं लॉफ्टस व्हर्सफेल्ड स्टेडियम त्याच्याच नावाचं. क्रिकेटवाल्यांनीही हे नाव ऐकलं असेल, 2010 च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने तिथे झाले होते.

चषक मिळाला ग्रिक्वालँड वेस्टला, म्हणजे किंबर्लीच्या संघाला. ते फक्त 3-0 ने हरले होते. त्यांनी तो कपाटात न ठेवता रग्बी मंडळाच्या हवाली केला, प्रांतांनी आपसात खेळून जिंकावा म्हणून. 1892 मध्ये किंबर्लीतच पहिली स्पर्धा झाली आणि केपटाऊनचा वेस्टर्न प्रोव्हिन्स संघ जिंकला. प्रांतांची एक स्पर्धा 1889 मध्ये आधीच झाली होती, त्यामुळे काही जण इतिहास तिथपासून मोजतात. 'जगातली सर्वांत जुनी रग्बी स्पर्धा' असं मात्र म्हणू नका. इंग्लंडात यॉर्कशरचा कप वगैरे तिच्याही आधीचे आहेत.

याच करींनी क्रिकेटसाठीही एक करी कप दिला होता. 1889-90 पासून तिथलं प्रांतांचं प्रथम श्रेणी क्रिकेट त्यावर चालायचं. म्हणून रणजीशी तुलना करायची तर खरी जुळते ती त्या क्रिकेटच्या कपाशी. 1990 मध्ये तो 'कासल कप' झाला. कासल लाइनवरून नव्हे हं, कासल नावाच्या बिअरवरून! रग्बीच्या कपापुढेही बँका आणि बिअरवाल्यांची नावं आली-गेली, पण करी तेवढा टिकला.

थोडं विषयांतर. गांधीजींनी नोव्हेंबर 1909 मध्ये लंडनहून परतताना 'हिंद स्वराज' बोटीवर लिहून काढलं, उजवा हात दुखला की डाव्या हाताने. ती बोट 'किल्डोनन कासल', करींच्याच कंपनीची. आणि लिहिलं तेही बोटीच्याच कागदांवर. रग्बीशी याचा काडीचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मधल्या काळावर फार वेळ घालवत नाही. स्पर्धा दरवर्षी होत नसे. सुरुवातीला सगळे संघ एका गावी जमून खेळायचे, मग घरी-दारी सामने सुरू झाले. अंतिम सामना अशी वेगळी गोष्ट पहिल्यांदा 1939 मध्ये झाली. केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर जोहान्सबर्गच्या ट्रान्सवालने वेस्टर्न प्रोव्हिन्सला 17-6 असं हरवलं. 1968 पासून स्पर्धा दरवर्षी होते. आजचे झिंबाब्वे आणि नामिबिया तेव्हा ऱ्होडेशिया आणि साउथ वेस्ट आफ्रिका होते, आणि तेही प्रांत असल्यासारखे यात खेळत.

लोक आठवण काढतात ती 1970 ते 1990 या काळाची. वर्णद्वेषी धोरणावरून जगाने टाकलेल्या बहिष्कारामुळे बाहेरचे संघ येईनासे झाले, तसं करी कपाचं महत्त्व वाढलं. खेळाडूंच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी मॅच तीच. वेस्टर्न प्रोव्हिन्सने 1982 ते 1986 सलग पाच वेळा कप नेला. 1987 च्या अंतिम सामन्यात प्रिटोरियाच्या नॉर्दर्न ट्रान्सवालचा नास बोथा एकटाच लढला म्हटलं तरी चालेल. चार पेनल्टी, चार ड्रॉप गोल (दोन्ही म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून घालवणं, प्रत्येकी तीन गुण), संघाचे 24 च्या 24 गुण त्याच्या पायाचे. समोर ट्रान्सवाल, मैदान त्यांचंच एलिस पार्क, स्कोअर 24-18. याला सुंदर रग्बी म्हणायचं की नाही यावर प्रिटोरियात आणि केपटाऊनमध्ये अजून वाद होतात. मला विचाराल तर कंटाळवाणं, पण त्या दिवशी त्याला तोड नव्हती. 1990 मध्ये डर्बनच्या नाताळ संघाला शंभर वर्षं झाली, आणि तोवर त्यांनी एकदाही कप जिंकला नव्हता. लॉफ्टसवर, बोथाच्याच संघाला त्याच्या घरात 18-12 ने हरवून त्यांनी तो पहिल्यांदा नेला.

मी स्वतः पाहिलेली फायनल 2009 ची. लॉफ्टस, ब्लू बुल्स (नॉर्दर्न ट्रान्सवालचं नवं नाव) विरुद्ध फ्री स्टेट चीताज. आमच्या टीममधल्या एका वयस्क सहकाऱ्याने तिकीट काढून दिलं. त्यांना सगळे 'ऊम' म्हणायचे, आफ्रिकान्समध्ये ऊम म्हणजे काका, आणि आपल्यासारखंच नात्यात नसलेल्या मोठ्या माणसालाही लावतात. सामना दुपारी, पण ऊम सकाळीच पार्किंगमध्ये. गाडीची डिकी उघडी, बाजूला निखारे, त्यावर मांसाच्या वेटोळ्या सॉसेजची जाळी. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी मक्याची कणसं आणली होती, तीही बटर लावून. धूर इतका की समोरची गाडी दिसत नव्हती. डोक्यावर शिंगं लावलेली निळी हेल्मेटं घालून आजोबा, नातू, सगळे. खिशात सोलायला सोपी संत्री. त्यांना तिथे 'नार्की' म्हणतात, शब्द मूळचा तमिळ, आपल्या नारिंगाचा भाऊबंद. पंचाचा निर्णय पटला नाही की पूर्वी ती मैदानात भिरकावायचे असं ऊमनी अभिमानाने सांगितलं. बुल्स 36-24 ने जिंकले. ऊम रडले.

आणि याच ऑफिसात एक जण होता जो सोबत आला नाही. मूळचा केपटाऊनचा, तिथल्या वर्गवारीत 'कलर्ड', म्हणजे मिश्रवर्णीय. मला वाटलं रग्बी आवडत नसेल. तर त्याचे वडील रग्बीच खेळायचे, आणि वेस्टर्न प्रोव्हिन्सकडूनच! फक्त ती दुसरी वेस्टर्न प्रोव्हिन्स.

हा भाग बहुतेक लेखांत एका वाक्यात संपतो, म्हणून इथे जरा थांबतो. करी कप गोऱ्यांचा होता. काळे आणि मिश्रवर्णीय लोक रग्बी तेवढ्याच आवडीने खेळत, पण त्यांचं मंडळ वेगळं, प्रांतसंघ वेगळे, नावं मात्र तीच. त्यांच्यासाठीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एक चषक आला, रोड्स कप. तो मिळवण्यात किंबर्लीच्या कोर्टात दुभाषा असलेल्या आयझाया बड-म्बेले यांचा मोठा हात होता. म्हणजे दोन्ही कपांची नाळ किंबर्लीत, आणि दोन्हींमागे रोड्सचा पैसा. एकाचे सामने मोठ्या स्टेडियमवर आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. दुसऱ्याचे म्युनिसिपालटीने दिलेल्या खडबडीत मैदानांवर. न्यूलँड्सवर गोरे नसलेल्यांना बसायला वेगळा कोपरा होता. तिथले प्रेक्षक बहुतेक वेळा परदेशी पाहुण्यांच्या, विशेषतः न्यूझीलंडच्या बाजूने ओरडत. केपटाऊनमध्ये ती सवय पुढेही कितीतरी वर्षं गेली नाही. माझ्या या सहकाऱ्याच्या घरातही ऑल ब्लॅक्सचाच, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचाच शर्ट.

गोऱ्यांच्या मंडळाने सत्तरच्या दशकात 'या, आमच्यात खेळा' म्हटलं, तेव्हा वेगळ्या मंडळातल्या बहुतेकांनी नकार दिला. समाजच सरळ नसताना खेळ सरळ कसा असेल, ही त्यांची घोषणा होती. सहकाऱ्याचे वडील त्यातलेच. दोन्ही मंडळं एक झाली 1992 मध्ये. गोऱ्यांच्या मंडळाकडून डॅनी क्रेव्हन, वेगळ्या मंडळाकडून इब्राहिम पटेल. तेव्हा करी कपाला शंभर वर्षं झाली होती. ज्याला 'राष्ट्रीय' म्हणतात तो कप खरोखर सगळ्या राष्ट्राला खुला झाला तो इथून, असं माझं मत आहे. विक्रमांच्या याद्या मात्र 1892 पासून सलग छापतात, मध्ये रेघसुद्धा नाही.

आता 'त्यांची रणजी' याबद्दल. एका बाबतीत अगदी बरोबर: मोठे खेळाडू आता यात दिसत नाहीत. 1995 ला रग्बी व्यावसायिक झालं, 1996 ला न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या संघांबरोबर सुपर 12 सुरू झालं, आता तिथले चार मोठे संघ युरोपातल्या संघांशी लीग खेळतात. करी कपात उरतात नवी पोरं आणि लहान प्रांत. ऊम याला 'कपाचं मरण' म्हणायचे. मला तसं वाटत नाही. मोठे बाजूला झाले म्हणून तर लहानांना वाट मिळाली. 2022 मध्ये म्बोम्बेलाच्या पुमाजने पहिल्यांदा कप जिंकला, किंबर्लीत ग्रिक्वाजना 26-19 हरवून. पैसेवाले एकही दावेदार नसलेली फायनल, आधी कोणी कल्पनाही केली नसती.

ग्रिक्वाज म्हणजे तेच ग्रिक्वालँड वेस्ट, ज्यांनी पहिला चषक हातात आल्यावर सोडला होता. त्यांनी तो जिंकला 1899, 1911 आणि 1970 मध्ये. नंतर 2025 पर्यंत काही नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात एलिस पार्कवर लायन्सविरुद्ध (ट्रान्सवालचं नवं नाव) शेवटच्या क्षणांतल्या पेनल्टीवर 27-25 ने जिंकले. आमच्या जुन्या ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून आहे. ऊमनी बुल्सवाले असूनही मध्यरात्रीपर्यंत फोटो टाकले.

न्यूलँड्स मात्र गेलं. 1890 पासूनचं मैदान, आणि शेवटचा सामना जानेवारी 2021 मध्ये करी कपाचीच उपांत्य फेरी. कोविड, त्यामुळे स्टँड रिकामे. वेस्टर्न प्रोव्हिन्स शार्क्सकडून (नाताळचं नवं नाव) हरले आणि दिवे बंद झाले. आता त्यांचे सामने होतात केपटाऊन स्टेडियमवर, ग्रीन पॉइंटला. माझ्या सहकाऱ्याचे वडील शनिवारी ज्या मोकळ्या मैदानावर क्लबचे सामने खेळायचे, ते तिथेच बाजूला होतं. मध्ये एकदा तो वडिलांना घेऊन गेला होता, करी कपाच्या एका साध्या लीग सामन्याला. फोटो पाठवला. म्हातारबुवा बंद गळ्याच्या स्वेटरमध्ये, पाठ मैदानाकडे, आणि बोटाने कुठेतरी बाहेर दाखवतायत.