सिग्नलला थरथरणारी गाडी: पार्ट बदलण्याआधी काटा बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपुरात मानेवाड्याहून सीताबर्डीला रोजचं जाणं-येणं, २०१४ची ३ सिलिंडरची पेट्रोल गाडी, ६८ हजार किलोमीटर. व्हरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग थरथरतं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की झटका बसतो, दोनदा तर बंदच पडली. पळताना तक्रार नाही, चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. मिस्त्रीने बोनेट न उघडता माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) मिळून ११ हजार सांगितले. ते पैसे अजून देऊ नका.

आधी एक साधं काम करा. इंजिन गरम झालं की गाडी न्यूट्रलला ठेवा, एसी बंद करा आणि २ मिनिटं नुसता आरपीएमचा काटा बघा. पेट्रोल गाडीत तो साधारण ७०० ते ९००च्या मध्ये एका जागी थांबायला हवा. काटा हलत नाही आणि तरी केबिन थरथरतंय, तर माउंटवर संशय घ्यायला जागा आहे. ३ सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, तेही लक्षात ठेवा. पण काटाच खालीवर होत असेल, तर माउंट बदलून काही होणार नाही. तुमची गाडी बंद पडते, आणि माउंट खराब झाल्याने गाडी बंद पडत नाही. म्हणजे त्या ११ हजारांतला माउंटचा खर्च तर आत्ताच बाजूला ठेवा.

आता एसी लावा. कॉम्प्रेसर लागला की इंजिनावर भार येतो, रेडिएटरचा पंखा सुरू होतो, अल्टरनेटरही जास्त ओढतो. ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, त्याच क्षणी थोडी जास्त हवा आत घेऊन काटा सावरायचा असतो. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५च्या पुढे गेल्यावर एसी दमच घेत नाही, म्हणून आपल्याकडे ही तक्रार मे महिन्यात निघते आणि पाऊस लागला की विरते. लोकांना वाटतं, गाडी आपोआप सुधारली. बिघाड मात्र तिथेच असतो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाढत राहतो.

तुमची सगळी लक्षणं ऐकून माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावर आहे. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला की आत पितळी रंगाची गोल पाकळी दिसते. तिच्या कडेला आणि मागच्या बाजूला बोट फिरवून बघा, काजळासारखा चिकट थर हाताला लागेल. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) परत येणारी तेलाची वाफ तिथे साचून काळी पडते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ही पाकळी जवळजवळ बंद असते, हवा फक्त कडेच्या बारीक फटीतून जाते. ती फटच काजळीने भरली की एसीच्या झटक्याला लागणारी हवा वेळेवर मिळत नाही आणि काटा ५००च्या खाली कोसळतो. रेस दिल्यावर पाकळी जास्त उघडते, म्हणून रस्त्यावर काही जाणवत नाही.

साफ करताना चावी बंद ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारा आणि कापडाने पुसा, थेट आत फवारा मारू नका. पाकळी बोटाने जोरात ढकलू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या आत मोटर आणि बारीक दाते असतात, ते तुटले की खर्च वाढला. नंतर पहिल्यांदा सुरू केल्यावर काटा थोडा उंच राहिला तर घाबरू नका. ईसीयूला जुन्या काजळीची सवय असते, ते नव्याने शिकतं. काही गाड्यांत हे स्कॅनर (ईसीयूला जोडून कोड वाचणारं यंत्र) लावूनच करावं लागतं.

सोबत स्पार्क प्लग काढून बघाच. साध्या निकेल प्लगचं आयुष्य ४० हजारांच्या आसपास असतं, तुम्ही ते बदलल्याचं कुठे लिहिलं नाही. सीएनजी किट असेल तर प्लगची झीज अजून लवकर जाणवते.

थरथर तालात असेल, सायलेन्सरजवळ फुस्... फुस् असा खंड ऐकू येत असेल, तर एक सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे मधूनमधून पेटतच नाही. ओबीडी स्कॅनर लावा. कोड पी०३०२ (दुसरा सिलिंडर मिसिंग) आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला स्पार्कची वीज देणारा भाग, पहिल्याला लावा. कोड बदलून पी०३०१ झाला की कॉइलच गेलेली. चालू इंजिनावर कॉइल उपसून बघायची सवय काही मिस्त्रींना आहे, ते करू देऊ नका. शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या भागात) जातं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी पुढे न्यायचीच नाही.

माझ्या ४ सिलिंडरच्या गाडीला मी प्लग बदलले, चारही कॉइल बदलल्या, थरथर कायम. शेवटी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतंय तो आकडा) बघितला: आयडलला अधिक १९, अडीच हजार आरपीएमला अधिक ३. म्हणजे कुठूनतरी मोजमाप न झालेली हवा आत शिरत होती. वरून सगळे होज चांगले दिसत होते. पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ परत नेणारा) रबरी होज हातात धरून वाकवला, तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. सोडला की पुन्हा मिटायची. इतक्या उन्हाळ्यांत रबर वाळून कडक झालं होतं. कॉइलवर उडणार नाही असं बघून चिरेवर पाण्याचे दोन थेंब टाकले, ते आत ओढले गेले आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. एक होज बदलला, थरथर गेली. चार कॉइलचे पैसे आजही लागतात मनाला, म्हणून एवढं लिहितोय.

माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आहे. तुमच्यासारख्या लहान गाड्यांत बहुतेकदा हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे अशी हवा शिरली तर काटा पडण्याऐवजी वर चढतो. तुमची गाडी बंद पडते, म्हणजे काटा पडतोय, त्यामुळे होजवर माझा संशय कमी आहे. तरी बोनेट उघडलंच आहे तर प्रत्येक होज वाकवून बघा.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना थ्रॉटल आणि प्लगचं काम उरका. मग गाडी गरम करून दोन आकडे इथे लिहा: एसी बंद असताना काटा किती, आणि कॉम्प्रेसर लागल्या क्षणी तो किती खाली जातो. प्लगचे फोटोही टाका, तीनही सिलिंडरच्या क्रमाने. त्यावरून इंजेक्टरकडे बघायचं की नाही ते सांगतो.