टेकडीआधी चार शनिवार मैदानावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. कोथरूडच्या शाळेत सातवी ते नववीच्या मुलामुलींसाठी माउंटन बायकिंगचा क्लब काढायचा तुझा विचार मनापासून आवडला. वेताळ टेकडी इतकी जवळ असताना मुलांची सायकल फक्त क्लासच्या वाटेवर फिरावी, हे खरंच वाईट आहे. पण पहिल्याच रविवारी वीस-पंचवीस जणांना घेऊन टेकडी चढायचा बेत तेवढा रद्द कर. पहिले चार शनिवार शाळेचं मैदान सोडायचं नाही आणि पहिल्या तुकडीत बारापेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, या दोन गोष्टींत नको.

कागद आधी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी लागेल. पालकांच्या संमतिपत्रात रक्तगट, दमा, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर हवेतच. टेकडीचा बराच भाग वनविभागाकडे आहे, म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना शाळेच्या लेटरहेडवर अर्ज दे. त्यात दिवस, वेळ, मुलांची संख्या आणि कुठली वाट वापरणार, हे स्पष्ट लिही. मुलं मळलेली वाट सोडणार नाहीत, हे वाक्यही घाल आणि मग ते पाळ. एका चाकानं पाडलेली नवी वाट पुढच्या पावसात ओघळ होते.

आता सायकली. मुलं घरची आणतील. त्यांत दोन दोष हमखास दिसतील. पहिला म्हणजे ‘पुढची दोन वर्षं चालेल’ म्हणून घेतलेली मोठी सायकल. मूल सीटच्या पुढं दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं, की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकून दांडी आणि शरीर यांत तीन-चार बोटं तरी अंतर हवं. ते नसेल तर उतारावर अडखळल्यावर पाय टेकत नाही आणि मूल दांडीवर आपटतं. दुसरा दोष मागं स्प्रिंग लावलेल्या स्वस्त सायकलींचा. त्या जड असतात, चढावर प्रत्येक पॅडलला खालीवर होतात आणि त्यांचे सांधे लवकर खिळखिळे होतात. पुढं सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के झेलणारा चिमटा, मागं साधी फ्रेम आणि दोन इंची खडबडीत टायर, एवढं पुरे. गियर किती आहेत यावर पालक भाळतात. तू आधी ब्रेक बघ.

गेटाशीच तपासणी कर. पुढचा ब्रेक दाबून धर आणि सायकल पुढं-मागं हलव. खटखट लागली तर हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, ढिला आहे. चाक हातानं फिरव, रिम ब्रेकच्या रबराला घासत असेल तर सायकलवाल्याकडून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यायला सांग. चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायचा दांडा, असेल तर तो बंद करताना तळहातावर त्याचा वळ उठायला हवा, इतका तो घट्ट असतो. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. मुलांचे हात लहान असतात, म्हणून लिव्हरजवळचा छोटा स्क्रू फिरवून तो आत आण. एका बोटाच्या पहिल्या पेरानं तो सहज ओढता आला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण काहींचा उलटा निघतो. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला सगळ्यांच्या सायकलींवर लाल टेप लाव, गोंधळच मिटेल.

ब्रेक न लागणारी सायकल मैदानात येणार नाही. मूल मात्र परत पाठवायचं नाही. त्यासाठी क्लबच्या मालकीच्या दोन-तीन सायकली ठेव. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकली मागितल्यास मिळतात.

हेल्मेट कपाळावर भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल इतकी पट्टी. मागं सरकवून घातलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून तडा दिसत नसला तरी, बाद.

हवेबद्दल वेगळं सांगतो, कारण इथंच बहुतेकांची चूक होते. पेट्रोल पंपावर दगडासारखी टाइट हवा भरून मुलं येतात, मग मुरमावर चाक उड्या मारतं आणि वळणावर सुटतं. चाळीस किलोच्या मुलाला, 2.1 इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढं 24 ते 26 आणि मागं 26 ते 28 पीएसआय ठीक. त्याहून फार कमी केली, तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. दोन चिरा दिसल्या की हवा कमी होती, एकच भोक दिसलं की काटा. गेज असलेला उभा पंप ही क्लबची पहिली खरेदी.

काटा म्हणजे बाभळीचा. नवीन ट्यूब टाकली आणि दोनशे मीटरवर पुन्हा बसली, असं झालं की समजायचं, काटा टायरमध्येच राहिला. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण कर. ट्यूबमधलं भोक सापडलं की ती टायरशेजारी तशीच धर, काटा नेमका कुठं आहे ते कळतं. टोक तुटून रबरात रुतलेलं असतं, नुसतं डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून सुती फडका फिरव, जिथं धागा अडकेल तिथं काटा. बोट फिरवू नकोस. आतून ढकलून बाहेरून पकडीनं ओढ. मग पॅच. ट्यूब सँडपेपरनं चमक जाईपर्यंत घास, सोल्यूशनचा पातळ थर पॅचपेक्षा मोठा लाव आणि चार-पाच मिनिटं थांब. मुलं इथंच घाई करतात. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच हवा भरली की सुटतो. हे काम प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला स्वतःच्या हातानं यायला हवं. टेकडीवर जाण्याची परीक्षा हीच ठेव.

मैदानावरचा पहिला शनिवार स्लो सायकल शर्यतीचा. क्रीडादिनाला मुलं ती खेळलेली असतात, पण तोल आणि ब्रेकवरच्या हलक्या बोटासाठी यासारखा दुसरा व्यायाम नाही. दुसऱ्या शनिवारी पॅडलवर उभं राहायला शिकव. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर, नजर चाकावर नाही तर सात-आठ मीटर पुढं. तिसरा शनिवार फक्त ब्रेकचा. चुन्याची रेघ मार, पंधरा मीटरवरून वेग घेऊन रेघेवर ब्रेक लावायला सांग. आधी फक्त मागचा. चाक घसटत लांब जातं, ते मुलांनी स्वतः पावलांनी मोजावं. मग फक्त पुढचा, अगदी हलका, सावकाश वेगात. मग दोन्ही, कंबर सीटच्या मागं नेऊन. अंतर किती कमी झालं ते दिसल्यावर ‘पुढचा ब्रेक लावला की माणूस पालथा पडतो’ ही भीती जाते. चौथ्या शनिवारी शंकू मांडून वळणं घे. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. मुरमावर तिरक्या झालेल्या चाकाला पुढचा ब्रेक लागला, तर ते बाजूला निसटतं आणि मूल कळायच्या आत जमिनीवर असतं.

टेकडीवर पहिली फेरी तीन किलोमीटरची, तासाभराची. सहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि दोघांपेक्षा कमी कधीच नाही. पुढच्यानं वेग ठरवायचा, शेवटच्यानं कुणालाही मागं टाकायचं नाही. चढावर दोन सायकलींचं अंतर, उतारावर पाच. प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि शेवटचा दिसल्याशिवाय कुणी वळायचं नाही. जुन्या दगडखाणीच्या कडेपासून लांबची वाट निवड. घसाऱ्याचा उतार आला की उतरून चालायला लाव आणि त्यात कमीपणा वाटू देऊ नकोस. सकाळी टेकडीवर फिरणाऱ्यांची गर्दी असते, वाट त्यांची आधी. लांबूनच घंटी वाजवायची, ‘आजी, डावीकडून येतोय’ म्हणायचं आणि चालण्याच्या वेगानं जायचं. तुमच्या क्लबबद्दलची पहिली तक्रार वनविभागाकडे जाईल ती याच कारणानं.

शेवटून येणारं मूल दमून पोचतं आणि तोवर विश्रांती घेतलेले बाकीचे निघायला उठतात, हे फार क्रूर आहे. ते मूल आलं की त्यानं पाणी प्यायल्यावर पाच मिनिटं मोजायची. मुलींची संख्या निम्मी ठेवायचा आग्रह धर. त्यासाठी सुरुवातीच्या जागी स्वच्छतागृह आणि सोबत एक तरी बाई हवी. या दोन गोष्टी नसतील तर नववीतल्या मुली काही न बोलता येणं बंद करतात.

पडल्यावर मुलं हात टेकतात, म्हणून मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडतं. पिशवीत दोन त्रिकोणी बँडेज, जखम धुवायला स्वच्छ पाणी, गॉज आणि ओआरएस ठेव. डोक्याला मार लागल्यावर मूल तोच प्रश्न पुन्हा विचारू लागलं, उलटी झाली किंवा झोपाळलं, तर 108 ला फोन. अशी लक्षणं दिसली नाहीत तरी त्या दिवशी ते सायकलवर परत बसणार नाही.

साखळीला इंजिन ऑइल घालू देऊ नकोस. धूळ चिकटून त्याचा लगदा होतो आणि दाते झिजतात. प्रत्येक कडीवर चेन ल्यूबचा एक थेंब, मग कोरड्या फडक्यानं वरचं सगळं पुसून घ्यायचं.

दिवाळीच्या सुमारास गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात, तेव्हा घोट्याच्या वर जाणारे मोजे नकोत. मार्चपासून सकाळी साडेआठच्या आत खाली यायचं. जून ते सप्टेंबर टेकडी बंद. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ धरतं आणि चिखलातल्या वाटा चाकांनी उखडतात. ते चार महिने व्हरांड्यात स्पोक, हब आणि गियर खोलायला शिकव. अर्ज मात्र ऑगस्टमध्येच टाक. म्हणजे परवानगी हातात येईपर्यंत सप्टेंबरचे चार शनिवार मैदानावर होतील आणि ऑक्टोबरच्या कोरड्या वाटा तुम्हाला मिळतील.

तुझा,
एक जुना सायकलवाला