‘आम्ही फक्त पाकीटच टाकायचं का?’

ऑक्टोबरातला मिशन रविवार, म्हणजे मिशनकार्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करण्याचा आणि पाकिटातून दान देण्याचा दिवस, झाला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. मिशनकार्य फादर-सिस्टरांचं, संसारी माणसाने प्रार्थना करायची, पैसे द्यायचे, एवढंच का? या वेळी तो घेऊन आलेले गृहस्थ पन्नाशीचे, हिशेबनीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तरुणपणी फादर होण्यासाठी वर्षभर सेमिनरीत राहून ते परतले होते. ‘‘पाकीट टाकतो आणि वाटतं, दंड भरून सुटलो,’’ म्हणाले.

दानाला असं कमी लेखणं मला पटत नाही. फ्रान्समधल्या लियों शहरात पोलीन जारिको या प्रापंचिक तरुणीने रेशीम कामगारांना दहा-दहाच्या गटांत जोडलं. रोज प्रार्थना आणि आठवड्याला एक सू, म्हणजे निव्वळ चिल्लर. त्यातून १८२२ मध्ये श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. मिशन रविवारचं दान आजही तिच्यामार्फतच जगभर पोचतं. जारिको ना सिस्टर झाली, ना मिशनवर कुठे गेली. २०२२ मध्ये ख्रिस्तसभेने तिला ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा मात्र खुलला नाही. मग विचारलं, ‘‘सेमिनरी सोडून इतकी वर्षं झाली. हे आत्ताच का टोचतंय?’’

बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी निघालं ते असं: कार्यालयातल्या एका बाईंचे यजमान डायलिसिसवर आहेत. एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं होतं, ‘‘तुम्ही दर रविवारी चर्चला जाता, त्याने खरंच काही फरक पडतो का हो?’’ यांनी उत्तर दिलं, ‘‘सवय आहे, दुसरं काय!’’

खंत सेमिनरीची नव्हतीच. अशी माणसं मी पुष्कळ पाहते. दूरच्या, अशक्य पाचारणाचं (देवाच्या बोलावण्याचं) दुःख सोसायला सोपं असतं, कारण त्याबद्दल उद्या सकाळी काही करावं लागत नाही.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढलं. त्यात म्हटलं आहे की मिशनचं हे काम बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांतून खुद्द प्रभूच सोपवतो. म्हणजे फादरांना वेळ नाही म्हणून ते आपल्याकडे आलेलं नसतं. नुसतं चांगलं जगणंही पुरत नाही, संधी मिळेल तेव्हा शब्दांनीही ख्रिस्ताची ओळख द्यावी, असंही त्यात आहे. ‘मी माझ्या वागण्यातून साक्ष देतो’ म्हणणाऱ्यांना हे जरा अडचणीचं वाटतं. या गृहस्थांनाही वाटलं.

‘‘म्हणजे बाईंना उपदेश करू?’’

‘‘मुळीच नको. त्यांनी विचारलंय, तेवढंच सांगा. तुम्हाला खरंच काय फरक पडतो?’’ पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) तेच आहे: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. उत्तर शोधायला त्यांना दोन बैठकी लागल्या. पाठ केलेली वाक्यं आम्ही एकेक करून बाजूला काढली. उरलं ते एवढंच: आई गेली त्या वर्षी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बसलो की एकटं वाटायचं नाही.

ते त्यांनी बाईंना सांगितलं. बाई ख्रिस्ती वगैरे झाल्या नाहीत. अर्धा तास यजमानांबद्दल बोलल्या आणि डायलिसिसला सोबत कोणी मिळेल का, असं विचारलं. आता एका शनिवारआड हे जातात.

सुट्टीत मिशन केंद्रावर जाऊन तिथले हिशेब लावून द्यावेत, असंही त्यांच्या मनात आहे. त्यासाठी मी त्यांना धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांकडे पाठवलं, आणि आधी पत्नीशी बोला म्हटलं. ते अजून व्हायचं आहे.