फेल, मूर आणि दिवसभराची मजल

प्रश्न असा आला आहे: उत्तर इंग्लंडमधल्या पायी भटकंतीचं एक वर्णन मराठीत आणायचं आहे. त्यात ‘फेल’ (fell) आणि ‘मूर’ (moor) हे शब्द पानोपानी येतात. कोशात ‘मूर’पुढे माळरान, ओसाड जमीन असं मिळतं. ‘फेल’पुढे पडला, झाड तोडणे, कातडं, क्रूर असे अर्थ आहेत आणि टेकडी सगळ्यात शेवटी. मराठीत काय लिहावं?

‘फेल’पासून सुरुवात करू. सारख्याच उच्चाराचे इथे बरेच शब्द एकत्र आले आहेत. पडणं आणि झाड पाडणं हे दोन एका घरचे. आपल्याकडे ‘पडणे’चं प्रयोजक ‘पाडणे’ होतं, अगदी तीच घडण. कातडं आणि क्रूर यांचा त्या घराशी काही संबंध नाही. डोंगराचा ‘फेल’ तर मुळात इंग्रजीच नाही, तो उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा. व्हायकिंग काळात हे लोक उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रिया परगण्यात आणि पेनाइन्स डोंगररांगेच्या परिसरात येऊन वसले आणि त्यांनी डोंगरांना, ओढ्यांना, तळ्यांना आपली नावं दिली. नॉर्वेत डोंगराला आजही ‘फ्येल’च म्हणतात. म्हणूनच दक्षिण इंग्लंडमधल्या टेकडीला कुणी फेल म्हणत नाही.

मग सरळ ‘शिखर’ लिहावं का? मला ते पटत नाही. तिथल्या मेंढपाळाच्या तोंडी फेल म्हणजे टोक नव्हे, चराईचा डोंगर. खाली दरीत घर आणि कुंपणाची शेतं, त्यांच्या वर दगड रचून घातलेला शेवटचा लांबलचक गडगा, आणि त्या गडग्यापलीकडचं सगळं मोकळं म्हणजे फेल. बराचसा भाग सामायिक चराईचा. कंब्रियातल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या तिथे कुंपणाशिवाय चरतात, तरी आपापल्या भागातच राहतात. कोकरू आईमागे फिरता फिरता हद्द शिकतं आणि पुढे तेच आपल्या पिल्लांना शिकवतं. कुठली मेंढी कुणाची हे लोकरीवरच्या रंगाच्या पट्ट्यावरून आणि कानाच्या कापावरून ओळखतात. हे सगळं ज्या शब्दात आहे त्याला ‘शिखर’ म्हटलं तर मेंढ्या, गडगा आणि माणसं एका झटक्यात वजा होतात. आपण ‘गुरं डोंगराला गेली’ म्हणतो, त्यातला ‘डोंगर’ फेलच्या सगळ्यात जवळचा. त्यात गायरानाचाही अर्थ मिसळलेला आहे. माझं मत डोंगरालाच.

उंचीचा विचार मध्ये आणू नये. स्काफेल पाइक हे इंग्लंडमधलं सर्वांत उंच टोक, ते ९७८ मीटर. कळसूबाई १६४६. पण फेल किती उंच यापेक्षा तो किती उघडा आणि वारा-पावसाचा, हे महत्त्वाचं. पेनाइन्समधल्या क्रॉस फेलवरून उतरणाऱ्या वाऱ्याला तर ‘हेल्म’ असं खास नाव आहे.

आता ‘मूर’. इथे कोश खरोखर चकवतो. माळरान म्हटलं की मराठी वाचकाला सोलापूर-अहिल्यानगरकडचं कोरडं गवत, काटेरी झुडपं आणि ऊन दिसतं. मूर याच्या अगदी उलट. तो थंड आणि बारमाही ओला असतो. पायाखाली पीट असतं. शाळेच्या भूगोलात कोळशाच्या प्रकारांत पहिलं येतं ते हेच. स्फॅग्नम नावाचं शेवाळ मरतं, पण पाण्यात बुडालेलं असल्यामुळे हवा पोचत नाही आणि ते पुरतं कुजत नाही. थर साचत जातो, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे मीटरभर पीट व्हायला हजारेक वर्षं. पेनाइन्सच्या मूरवर काळ्या पीटमध्ये पाण्याने कोरलेल्या घळ्या असतात. एकीत उतरायचं, चिखलातून पलीकडे चढायचं, की पुढची हजर. हिरवंगार, पोपटी दिसणारं ठिकाण टाळायचं, कारण तिथे पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पेनाइन वे या लांब वाटेवर आता कित्येक ठिकाणी फरशा टाकल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच लँकेशरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांमधल्या आहेत. ऑगस्टमध्ये हेदर नावाची बुटकी झुडपं फुलली की हाच सगळा प्रदेश जांभळा होतो.

‘ओसाड’ तर नकोच. १९३२च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे कामगार तरुण किंडर स्काउटच्या मूरवर मुद्दाम घुसले, कारण ती जमीन धनिकांच्या ग्राऊस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली होती आणि रखवालदार येऊ देत नसत. पाच जणांना तुरुंगवास झाला. जिथे रखवालदार ठेवतात आणि जिथे चालण्यासाठी लोक तुरुंगात जातात ती जागा ओसाड कशी?

आकाराने जवळचा शब्द मला कोकण-गोव्याचा ‘सडा’ वाटतो: गावाच्या वरचं झाडं नसलेलं सपाट, मोकळं, पावसाळ्यात फुलणारं. पण सडा कातळाचा, मूर स्पंजासारखा. म्हणून मी ‘मूर’च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘पीटचं पाणथळ पठार’ एवढं जोडीन. पुढे वाचक आपसूक सरावतो.

तिसरा, न विचारलेला पण अडचणीचा शब्द ‘वॉक’. तिकडे पंचवीस किलोमीटर आणि हजार मीटर चढ असला तरी ‘वॉक’च म्हणतात. ‘फिरायला गेलो’ लिहिलं की बागेतली संध्याकाळ डोळ्यांपुढे येते. ‘ट्रेक’ लिहिलं की आपल्याला गड आणि मुक्काम आठवतो. दिवसभर चालून संध्याकाळी खाली गावात उतरणं यासाठी ‘मजल’ उत्तम आहे. अरबी ‘मंझिल’मधून आलेला हा शब्द एका दिवसात कापायचं अंतर नेमकं सांगतो. ‘दिवसभराची मजल मारून खाली उतरलो’ हे वाक्य कुठेही अडखळत नाही.

विशेषनामं मात्र फोडू नयेत. ‘क्रॉस फेल’ तसंच ठेवावं. ‘क्रॉस फेल डोंगर’ लिहिलं तर द्विरुक्ती होते, पण ‘सह्याद्री पर्वत’मध्ये ‘अद्रि’ असूनही आपण ती चालवतोच, तेव्हा वाचकाच्या सोयीसाठी एकदा चालेल. बाकीच्या सामान्यनामांत फार अडचण नाही. ‘बेक’ म्हणजे ओढा, ‘टार्न’ म्हणजे डोंगरातलं लहान तळं, ‘फोर्स’ म्हणजे जोर नव्हे, धबधबा. आणि ‘गिल’ला बेधडक ‘घळ’ लिहा, शिवथरघळीतली घळ. अर्थ चपखल बसतो. उच्चारही जवळचा वाटतो, पण तो निव्वळ योगायोग आहे. गिल नॉर्स आहे, त्यावरून दोन्ही शब्दांचं नातं जोडू नये.