४ जुलैला अमेरिकेच्या इतिहासात स्वातंत्र्याशिवाय आणखी काय काय घडलं?

‘स्वातंत्र्याशिवाय’ हा शब्द वाचला आणि जुनी खपली निघाली. स्वातंत्र्याचा ठराव ४ जुलैला झालेलाच नाही हो. तो झाला २ जुलै १७७६ ला, फिलाडेल्फियात, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये. बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा.

न्यू जर्सीत आमच्या साडूभाऊंच्या अंगणात दर ४ जुलैला सगळे जमतो. एका वर्षी त्यांनी प्रश्नमंजूषा ठेवली. बक्षीस म्हणून मेव्हणीच्या हातच्या चकल्यांचा डबा. शेवटचा प्रश्न: ‘काँग्रेसने स्वातंत्र्याच्या बाजूने मतदान कधी केलं?’ मी लिहिलं २ जुलै. साडूभाऊंनी सगळ्यांसमोर काट मारली. वर म्हणाले, ‘मग आज आपण कणसं कशाला भाजतोय?’ सगळे हसले. बायकोसुद्धा.

मी सांगत होतो, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने ३ जुलैला बायकोला, अ‍ॅबिगेलला, पत्र लिहिलं, त्यात पुढच्या पिढ्या २ जुलैचा उत्सव करतील, तोफा, घंटा, रोषणाई होईल असं आहे. म्हणजे उत्सवाचं वर्णन बरोबर, तारीख तेवढी चुकली. कोण ऐकतंय! चकल्या गेल्या पुतण्याकडे, आणि त्याला अ‍ॅडम्स कोण हेही माहीत नव्हतं.

बरं, तुमचा प्रश्न. हाच अ‍ॅडम्स आणि जाहीरनाम्याचा मुख्य लेखक जेफरसन, दोघेही ४ जुलै १८२६ लाच वारले, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. आधी जेफरसन, काही तासांनी अ‍ॅडम्स. पाच वर्षांनी, १८३१ मध्ये, आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष मन्रोही त्याच तारखेला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कूलिजचा जन्म ४ जुलै १८७२ चा. १८६३ मध्ये, यादवी युद्धात, याच दिवशी दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग शहराने उत्तरेच्या सेनापती ग्रँटपुढे शरणागती पत्करली आणि मिसिसिपी नदी दक्षिणेच्या हातून निसटल्यात जमा झाली. माझ्या मते यादीत हेच सगळ्यात वजनदार. तिघांचे मृत्यू हा निव्वळ योगायोग.

‘आजच्या दिवशी’ छापाच्या याद्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं गुलामाला ४ जुलैचं काय, असं विचारणारं भाषण लोक बेधडक ४ तारखेत घालतात. ते त्याने रॉचेस्टरमध्ये ५ जुलै १८५२ ला केलं. तारीख दिसली की आधी विचारा, त्या दिवशी नेमकं काय झालं? ठराव, मसुदा की सह्या? बहुतेक सह्या तर २ ऑगस्टच्या. आमच्या साडूभाऊंसारखी माणसं तिन्ही एकाच पातेल्यात ढवळतात.

आता खरं सांगायचं तर जाहीरनाम्याच्या माथ्यावर तारीख ४ जुलैचीच आहे. आणि सह्या ४ तारखेलाच झाल्या असं पुढे खुद्द अ‍ॅडम्स आणि जेफरसनही सांगत राहिले. हे मी साडूभाऊंना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलं मतदानाबद्दल, सह्यांबद्दल नव्हे.